भिवंडी ते वसई, बोटीने! आरमार जिथे जन्मलं तो जलमार्ग कसा आहे?

भिवंडी म्हटलं की डोळ्यासमोर येतात यंत्रमाग, गोदामं आणि ट्रकच्या रांगा. पण हे गाव मुळात बंदराचं आहे.

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी जिंकली आणि स्वराज्याला पहिल्यांदाच खाडी मिळाली. याच परिसरात जहाजबांधणी सुरू झाली. त्यासाठी रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज जाणकार आपल्या मुलासह कामाला होता. ही जहाजं उद्या आपल्यावरच येतील, हे वसईच्या पोर्तुगीजांनी ओळखलं. त्यांच्या सांगण्यावरून व्हिएगस काम सोडून निघून गेला. आरमार मात्र थांबलं नाही!

हाच मार्ग आज बोटीने पाहायचा झाला तर? सुरुवात कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापासून. उल्हास नदी ठाण्याजवळ येते तेव्हा तिला दोन फाटे फुटतात. एक दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत जातो, दुसरा पश्चिमेला वसईकडे. वसईकडे वळलं की उजव्या हाताला भिवंडी तालुक्यातलं काल्हेर, समोर ठाण्याचं कोलशेत. पुढे डावीकडे येऊरचे डोंगर, काठाला तिवरांची दाटी, मग घोडबंदरचा किल्ला, पाणजू बेट आणि शेवटी वसईचा किल्ला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो घेतला. त्या मोहिमेतले गंगाजी नाईक हे भिवंडी तालुक्यातल्या अंजूरचे.

२०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा १४५ किलोमीटरचा पट्टा 'राष्ट्रीय जलमार्ग ५३' झाला. काल्हेरला धक्का बांधण्याचाही आराखडा आहे. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली, म्हणजे खाडीच्या तोंडाशी तरी प्रवासी पाण्यावर आले.

आत शिरणं अवघड आहे ते गाळामुळे. शहरांचं सांडपाणीही याच पाण्यात येतं, त्यामुळे निसर्गरम्य सहलीची जाहिरात करण्याआधी नाकाचा विचार करावा लागेल! मोठी क्रूझ इथे शोभेची ठरेल; हवी ती उथळ तळाची छोटी बोट.

आणि वेळापत्रक ठरवणार भरती-ओहोटी. वसईकडे जाताना ओहोटीचा ओढ मिळतो, परतताना भरतीचा. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास येते, खाडीत आत पोहोचायला तिला आणखी वेळ लागतो. शिवाय ती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. त्यामुळे 'रोज सकाळी नऊची बोट' असं तिकीट इथे छापता येणार नाही.