चिकटावं, पण सुटावंही

नवी गाडी घरी आली की महिन्याभरात तिच्या खिडक्यांभोवतीची आणि ग्रिलवरची चकचकीत पट्टी काळी करून टाकायची, ही हौस हल्ली चांगलीच रुजली आहे. ‘क्रोम डिलीट’ म्हणतात तिला. रबरी स्प्रेचा डबा आणि मास्किंग टेप आणून सोसायटीच्या पार्किंगमध्येच काम उरकणारे हौशी पुष्कळ. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: स्प्रे सोलून निघतो असं डब्यावर लिहिलेलं असतं, मग काढायला घेतल्यावर नखाएवढे तुकडेच का हाती येतात?

बहुतेक वेळा दोष क्रोमचा नसतो, हात आखडता घेणाऱ्याचा असतो. क्रोमियमचा थर जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा, अनेकदा त्याहूनही पातळ. त्याखाली निकेल, मग तांबं आणि आजच्या बहुतेक गाड्यांत तळाशी चक्क प्लास्टिक. झळाळी मुख्यतः निकेलची. क्रोमियम तिला निळसर झाक देतं आणि काळवंडू देत नाही. त्याच्यावर ऑक्साइडचं काही नॅनोमीटरचं, गुळगुळीत आणि सहसा कशाशी अभिक्रिया न करणारं आवरण असतं. त्यामुळे साधा रंग तिथे धड धरत नाही. सोलायच्या स्प्रेच्या मात्र ते पथ्यावर पडतं. त्याची पृष्ठभागावरची पकड बेताची आणि स्वतःची ताकद जास्त हवी. एक-दोन हात मारून थांबलं, की पातळ थराची ताकद पकडीपुढे कमी पडते आणि तो फाटतो. उपाय उलटा वाटेल, पण चालतो: त्याच्यावरच आणखी तीन-चार हात द्यायचे, नीट वाळू द्यायचं आणि मग ओढायचं.

पकड आणि ताकद यांचा हाच हिशेब मास्किंग टेपच्या जन्मामागेही आहे, आणि त्या टेपचा जन्म गाडी सजवण्याच्या हौसेतूनच झाला.

1920 च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या गाड्यांची टूम निघाली. एक रंग झाकून दुसरा मारायला रंगारी कागद आणि गोंद वापरत; कागद काढताना ताजा रंगही सोबत यायचा. मिनेसोटातल्या सेंट पॉल इथे थ्रीएम ही तेव्हा पॉलिश पेपर बनवणारी कंपनी. तिचा रिचर्ड ड्रू हा तरुण नमुने घेऊन गॅरेजांत जात असे. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलेला, नाचाच्या कार्यक्रमांत बँजो वाजवणारा हा गडी एका रंगाऱ्याच्या शिव्या ऐकून टेपच्या मागे लागला. साहेबांनी ‘पॉलिश पेपरचं बघ’ म्हणून दटावलं, तरी त्याने नाद सोडला नाही. शंभर डॉलरपर्यंतच्या खरेदीला वरची मंजुरी लागत नसे, म्हणून त्याने 99-99 डॉलरची बिलं काढून यंत्र आणवलं, असंही सांगतात. 1925 मध्ये सुतारी सरस, ग्लिसरीन आणि सुरकुत्यांचा क्रेप कागद यांतून मास्किंग टेप तयार झाली. सुरुवातीच्या टेपला गोंद फक्त कडांना होता. ती गळून पडल्यावर एका रंगाऱ्याने कंपनीच्या कंजूषपणाचा उद्धार केला, अशी आख्यायिका आहे. पुढे 1930 मध्ये आलेल्या पारदर्शक टेपमुळे ड्रूचं नाव झालं. गॅरेजमधला त्याचा पराक्रम मात्र बाजूला पडला.

त्याहून उपेक्षित नाव कार्ल डालक्विस्ट यांचं. तेही थ्रीएमचेच. नुसत्या बोटाच्या दाबाने टेप कधी चिकटेल, याची कसोटी त्यांनी मांडली: गोंदाचा कडकपणा ठरावीक मर्यादेच्या खाली हवा. सैल भिजवलेली कणीक हाताला चिकटते, घट्ट कणीक चिकटत नाही, तसंच हे. गोंद पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचांत ओघळण्याइतका मऊ असायला हवा आणि टेप ओढली की अखंड निघून येण्याइतका चिवटही. उन्हात तापलेल्या बंपरवर तो जास्तच मऊ होतो, खोल बसतो, जुना झाला की कडकही पडतो. म्हणून टेप लावून गाडी दोन दिवस उन्हात ठेवू नये. रबरी स्प्रे मारला असेल तर शेवटचा हात ओला असतानाच टेप काढावी. वाळल्यावर ओढली तर कडेचा थरही फाटून येतो.

‘नॅनो’, ‘ग्राफिन’ अशी लेबलं लावलेल्या महागड्या डब्यांना भुलण्याआधी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावी. मेणाचा आणि सिलिकॉनचा तेलकट थर तसाच राहिला तर भारीतला स्प्रेही टिकत नाही.

एका जागी मात्र हात आवरावा. काही नव्या गाड्यांत पुढच्या बोधचिन्हामागे 77 गिगाहर्ट्झवर चालणारा रडार असतो. अशा बोधचिन्हांपैकी कित्येकांवरची चमक क्रोमची नसतेच. इंडियम धातूचे एकमेकांना न टेकणारे सूक्ष्म ठिपके तिथे बसवलेले असतात, म्हणजे डोळ्याला ते धातूसारखं दिसतं आणि रेडिओलहरी मधल्या फटींतून पार होतात. त्यावर धातूची भुकटी असलेला स्प्रे बसला, तर समोरची गाडी ओळखून ब्रेक लावणारी यंत्रणा अडखळू शकते. आपल्या गाडीत रडार कुठे आहे, हे डबा हलवण्याआधी माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावं.