अंगठा वर म्हणजे ‘वर चला’

मालवणला स्कूबा करायचं तर होडीने आत जावं लागतं. जपानच्या ओकिनावा बेटावर, ओन्ना गावच्या माएदा टोकाशी, मी चक्क जिना उतरून समुद्रात गेले! कड्यावरून पायऱ्याच पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीशी पाणी. लाटा मोठ्या असल्या की जिना बंद. मग कितीही लांबून आलेले असा, मुकाट परत फिरायचं.

लेक नोकरीनिमित्त टोकियोत असते, हा घाट तिचाच. माझं वय बावन्न, पोहणं विहिरीतलं. (हसू नका!) आधी एक फॉर्म भरायचा. दमा, हृदयविकार, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, सगळं विचारतात. कुठे ‘हो’ लिहिलं तर डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. लेक हळूच म्हणाली, ‘‘आई, बीपीचं नको लिहूस, उगाच घोळ होईल.’’ आपण बायका हेच करतो ना? चारचौघांचा बेत मोडू नये म्हणून आपलं दुखणं पदराआड. पण खाली जाऊन चक्कर आली तर बेत आणि आई, दोन्ही जायचं! मी निघतानाच आमच्या डॉक्टरांचं पत्र घेतलं होतं. ‘हो’ लिहिलं आणि पत्र पुढे ठेवलं.

नियम थोडेच, पण पक्के. श्वास रोखायचा नाही, कारण वर येताना पाण्याचा दाब घटतो आणि फुप्फुसात कोंडलेली हवा फुगते. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून उतरताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, म्हणजे कानाचे दडे सुटतात. आणि खुणा. बोटांचं वर्तुळ म्हणजे ठीक. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. तो कुणीही दाखवावा, का म्हणून कुणी विचारत नाही. घरात साधं माहेरी जायचं तरी चार कारणं सांगावी लागतात हो!

थोडं खाली गेल्यावर माझा कान ठणकला. अंगठा दाखवला. प्रशिक्षक मुलगी लगेच मला घेऊन वर आली. दुसऱ्या खेपेला कान सुटला.

मग ती निळी गुहा. पाण्याखालच्या तोंडातून ऊन आत शिरतं, तळावरून परततं. पाणी त्यातला तांबडा रंग गिळतं आणि उरतो निळा. काळोख्या कोपऱ्यात बारीक मासे थव्याने लटकलेले. इथे डोक्यावर हवा आहे, म्हणून नवख्यांना नेतात. वर नुसतं छतच असलेल्या गुहेत खास शिक्षणाशिवाय जायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

बाहेर प्रवाळ. दिसायला दगड, पण हे जिवंत प्राणी, त्यांच्या अंगात शेवाळ राहतं आणि तेच त्यांना खाऊ घालतं. पाणी फार तापलं की शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. १९९८मध्ये ओकिनावाभोवती असंच झालं, पुष्कळ मेलं. म्हणून हात लावायची सक्त मनाई. अंगठीतलं पोवळं मात्र वेगळ्या जातीचं बरं का.

एका डायव्हनंतर निदान बारा तास विमानात बसत नाहीत. आम्ही परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं काढलं होतं. त्या रात्री लेकीने भात टाकला आणि मी दोन ताटं भरून जेवले.