चर्र आवाज कोणाचा?

तापलेल्या बिडाच्या तव्यावर मांसाचा जाड काप पडला की ‘चर्र’ आवाज उठतो. तो मांसाचा नसतो, पाण्याचा असतो. चरबी कमी असलेलं मांस दिसायला कितीही घट्ट वाटलं, तरी वजनाने जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. तव्याला टेकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती वाट काढत बाहेर पडते, तिचा हा गलका. घरी चांगला स्टेक करायचा म्हणजे या पाण्याशी एकाच वेळी दोन उलटे व्यवहार करायचे: वरून त्याला पूर्ण हाकलायचं आणि आत होईल तेवढं धरून ठेवायचं.

यातल्या धरून ठेवण्याबद्दल एक समजूत दीडशे वर्षांहून अधिक काळ स्वयंपाकघरांत ठाण मांडून आहे. सुरुवातीलाच मोठ्या आचेवर मांस भाजलं की वर कवच तयार होतं आणि रस आत कोंडला जातो, अशी ती समजूत. तिच्या मुळाशी युस्टुस फॉन लीबिग हा थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञ आहे. १८४७ मध्ये त्याने मांडलं की तीव्र उष्णतेने पृष्ठभागावरची प्रथिनं गोठतात आणि आतल्या रसाची वाट बंद होते. माणूस एवढा मोठा, की आचाऱ्यांनी तपासून न पाहताच मान डोलावली. पुढे १९३० च्या दशकात मांसाचे तुकडे सरळ तराजूत घालून पाहिले गेले. आधी कवच चढवलेल्या मांसातूनही तितकंच पाणी गेलं होतं. हॅरल्ड मॅगी या अमेरिकन लेखकाने १९८४ मध्ये ही गोष्ट सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेली. खरं तर तराजूचीही गरज नव्हती. कवचाने रस कोंडला असता, तर चर्र आवाज लगेच थांबला असता. तो थांबत नाही.

मग मोठी आच कशासाठी? चवीसाठी. अमिनो आम्लं आणि काही साखरा तापून एकमेकांना भिडल्या की शेकडो नवी रसायनं जन्मतात, रंग तपकिरी होतो आणि दरवळ सुटतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामी मेयार याने १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. तिच्या पायऱ्यांचा नीट नकाशा मात्र १९५३ मध्ये जॉन हॉज या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने काढला. भाकरीवरचे करपट ठिपके, वाटणासाठी भाजलेला कांदा, कॉफीच्या बिया, सगळीकडे हीच क्रिया चालते. तिला जोर चढतो तो साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे. आणि पृष्ठभाग ओला असेपर्यंत तिथलं तापमान १०० च्या फार वर जाऊच शकत नाही, कारण तव्याची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट त्याच पाण्याची वाफ करायला लागते. ओला काप तव्यावर टाकणं म्हणजे तो आधी उकडणं. म्हणून मांस पुसून कोरडं करायचं, याला पर्याय नाही. त्याहून चांगला उपाय म्हणजे आदल्या रात्री मीठ चोळून ते फ्रिजमध्ये उघडं ठेवायचं. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग त्यातच विरघळून हळूहळू आत मुरतं आणि प्रथिनांची वीण सैल करून त्यांना पाणी धरायला मदत करतं. तोवर फ्रिजची कोरडी हवा वरचा थर सुकवते. दोन्ही व्यवहार साधणारी याहून स्वस्त युक्ती मला माहीत नाही.

आतली गोष्ट वेगळीच आहे. तिथे पाच-दहा अंशांवर सगळा निकाल लागतो. पन्नासच्या आसपास मायोसिन हे प्रथिन गोठू लागतं, मांसाचा लिबलिबीतपणा जाऊन त्याला अंग येतं. साठच्या पुढे तंतूंभोवतीची कोलॅजेनची वेष्टणं आकसतात आणि ओलं फडकं पिळावं तसं पाणी बाहेर काढतात. (हेच कोलॅजेन तासन्‌तास शिजलं तर विरघळतं, पायाच्या रश्श्याला चिकटपणा देतं. पण स्टेकला तेवढा वेळ नसतो.) मीडियम रेअर म्हणतात ती जागा यांच्या मधली, ५४ ते ५७ अंशांची. तव्यावर दोनशेच्या वर आणि बोटभर खाली पंचावन्न! त्यात उष्णता मांसातून फार सावकाश सरकते. जाडी दुप्पट झाली की मध्यभाग तापायला ढोबळमानाने चौपट वेळ लागतो. म्हणून जाड काप नुसत्या मोठ्या आचेवर केला, तर बाहेर राखाडी कडा आणि आत कच्चा गोळा उरतो.

यावर अलीकडे लोकप्रिय झालेली तोड म्हणजे क्रम उलटा करणं. आधी ओव्हनमध्ये १२० अंशांवर, मध्यभाग पन्नासला येईपर्यंत, आणि मग धुरकटलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर. लीबिगला हे अजिबात पटलं नसतं. यासाठी सुईचा थर्मामीटर घ्यावाच. बोटाने दाबून ओळखण्याच्या गप्पा ज्यांनी आयुष्यभर स्टेकच केले त्यांनी माराव्यात. अखंड मांसात जंतू बहुतेक करून पृष्ठभागावर असतात आणि तिथे ते भाजून मरतात. खिम्याला हा हिशोब लावू नये, तो पूर्ण शिजवायचा.

महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे मुंबईत स्टेक म्हणून मिळतं ते म्हशीचं मांस. खाटकाकडे ‘अंडरकट’ मागायचा. कण्याखालच्या या स्नायूला जनावराच्या हयातीत फारसं काम पडत नाही, म्हणून तो मऊ असतो. पण त्यात चरबी कमी असते, आच जरा जास्त झाली की सांभाळून घ्यायला काही उरत नाही. तो दोन अंश आधीच उतरवलेला बरा.

राहिलं ताटात साचणारं ते गुलाबी पाणी. अनेकजण त्याला रक्त समजून तोंड फिरवतात. जनावराचं रक्त कधीच निथळून गेलेलं असतं. हे पाणी रंगवतं ते मायोग्लोबिन, स्नायूत प्राणवायू साठवणारं प्रथिन. कुठल्याही प्रथिनाची त्रिमितीय रचना माणसाने पहिल्यांदा पाहिली ती याचीच, १९५८ मध्ये. जॉन केंड्रू यांनी त्यासाठी व्हेलचं मांस वापरलं, कारण खोल बुडी मारणाऱ्या या प्राण्याच्या स्नायूत ते ठासून भरलेलं असतं. चार वर्षांनी त्यांना याबद्दल नोबेल मिळालं. तेव्हा ते पाणी फेकू नये, पाव बुडवून खावं.