चांदीची गाडी आणि लोकांची गाडी

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर रूळ बसविलेले आहेत. त्यांवरून चांदीची एक चिमुकली आगगाडी मद्याच्या सुरया घेऊन पाहुण्यांपुढे येत असे. सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की पुढे निघे. राजवाडा पाहावयास जाणारी मंडळी आजही ती करामत ऐकून थक्क होतात. त्याच ग्वाल्हेरातून दुसरीही एक छोटी गाडी सुटत असे. महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत घातलेल्या अवघ्या दोन फूट रुंदीच्या लोहमार्गावरून ती श्योपूरपर्यंतचे सुमारे २०० किलोमीटर अंतर रखडत रखडत कापी. २०२० साली बंद पडेपर्यंत कित्येक पिढ्यांना तिने बाजाराला, कचेरीला आणि सोयऱ्यांच्या घरी पोहोचविले.

या दोहोंपैकी यंत्रकौशल्याचे पारितोषिक कोणत्या गाडीस द्यावे, असा प्रश्न एखाद्या परीक्षक-मंडळापुढे आला तर त्याच्या अध्यक्षाने काय करावे?

प्रश्न काल्पनिक आहे, परंतु पोकळ नाही. तंत्रज्ञानाच्या उद्योगात आज ठिकठिकाणी पारितोषिके दिली जातात. आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-मुली पुण्या-मुंबईच्या संगणक-कंपन्यांत काम करतात, त्यांना हे सोहळे परिचयाचे आहेत. दिव्यांचा झगमगाट, टाळ्या आणि छायाचित्रे सर्वांना दिसतात. ज्याच्या शब्दावर त्या टाळ्यांची किंमत ठरते, त्या परीक्षक-मंडळाच्या अध्यक्षाचे काम मात्र कोणाला दिसत नाही. ते कसे करावे, हे सांगणारी जुनी उदाहरणे आहेत.

पहिले उदाहरण आगगाडीचेच घेऊ. इंग्लंडात लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्गासाठी उत्तम इंजिन कोणते, हे ठरविण्याकरिता ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल या गावी स्पर्धा झाली. बक्षीस ५०० पौंडांचे होते. जॉन रॅस्ट्रिक, निकोलस वुड आणि जॉन केनेडी हे तिघे परीक्षक होते. इंजिनाचे वजन किती असावे, त्याने स्वतःच्या तिप्पट ओझे किती वेगाने ओढावे, एकाच पट्ट्यावर किती फेऱ्या कराव्यात, हे सारे लेखी ठरविलेले होते. प्रेक्षकांचे मन जिंकले ते ‘नॉव्हेल्टी’ नावाच्या हलक्या, देखण्या आणि चपळ इंजिनाने. पण ते वारंवार नादुरुस्त झाले. ठरलेल्या सर्व फेऱ्या पुऱ्या केल्या त्या एकट्या ‘रॉकेट’ने, आणि बक्षीस त्यालाच मिळाले.

येथे एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे. ‘रॉकेट’ बांधणाऱ्यांपैकी जॉर्ज स्टीफन्सन हे त्याच लोहमार्गाचे मुख्य अभियंते होते, आणि परीक्षक वुड हे त्यांचे जुने सहकारी! संशयाला जागा होती. तरीही तो निकाल टिकला. परीक्षकांच्या थोरवीमुळे तो टिकला असे आम्हांस वाटत नाही. वजन आणि वेळ सर्वांदेखत मोजली गेली होती आणि मोजमाप आधीच जाहीर झाले होते, म्हणून तो टिकला.

याच्या उलट गोष्ट जॉन हॅरिसन याची. समुद्रावर जहाजाचे रेखांश अचूक शोधण्याची रीत जो सांगेल त्याला २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस देण्याचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ साली केला होता. हॅरिसन हा सुताराचा मुलगा, स्वतःही सुतार. त्याने घड्याळ बनविले, आणि १७६१ साली निघालेल्या जमैकाच्या सफरीत ते कसोटीस उतरले. तरी निर्णय देणारे मंडळ नवनव्या अटी घालीत राहिले. मंडळाचे एक सदस्य, राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन, हे चंद्राच्या निरीक्षणावरून रेखांश काढण्याच्या प्रतिस्पर्धी पद्धतीचे पुरस्कर्ते होते. अखेर १७७३ साली पार्लमेंटनेच मध्ये पडून उरलेल्या रकमेपैकी बहुतांश हॅरिसनला देवविली, तेव्हा तो ऐंशी वर्षांचा झाला होता. मॅस्केलिन अप्रामाणिक होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याचे स्वतःचे घोडे शर्यतीत आहे, त्याने पंचाच्या आसनावर बसू नये. कोणाचे घोडे कोठे आहे हे आधी विचारून घेणे, हे अध्यक्षाचे पहिले काम होय.

दुसरे काम त्याहून कठीण आहे. जे अर्ज आले त्यांची पारख पुष्कळ जण करतील. पण ज्याला अर्ज लिहिताच येत नाही, त्याचे काय? भारतात २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने हा प्रश्न हाती घेतला. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर हे त्याचे पहिले अध्यक्ष. या संस्थेने गावोगावच्या कारागिरांचे आणि शेतकऱ्यांचे शोध हुडकून काढण्याची रीत पाडली.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्याचे दादाजी खोब्रागडे हे अशांपैकीच एक. जेमतेम प्राथमिक शिक्षण झालेल्या या अल्पभूधारक शेतकऱ्याला १९८३ च्या सुमारास आपल्या भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचे बी वेगळे राखून, वर्षानुवर्षे निवडून त्यांनी नवा बारीक तांदूळ सिद्ध केला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. पुढे तो दूरदूरच्या शेतांत पिकला. कृषी विद्यापीठाने त्यावर काम करून ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण आणले. त्या नावात दादाजींना जागा नव्हती. २००५ साली या प्रतिष्ठानाचा पुरस्कार राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना मिळाला आणि मूळ शोध कोणाचा, हे देशाला कळले. २०१८ साली दादाजी वारले, ते गरिबीतच. पारितोषिकाने पोट भरतेच असे नाही. परंतु ज्याचे श्रेय त्याच्या पदरात घालणे एवढे तरी परीक्षकाच्या हाती असते.

आता ग्वाल्हेरच्या दोन गाड्यांकडे वळू. चांदीच्या गाडीत कौशल्य नाही असे कोण म्हणेल? करामतीचे बक्षीस असेल तर ते तिने अवश्य घ्यावे. पण उपयोगाचे बक्षीस असेल तर ते श्योपूरच्या गाडीचे. बक्षीस कशाचे, हे गाड्या पाहण्यापूर्वीच अध्यक्षाने लिहून ठेवले नसेल, तर चांदी प्रत्येक वेळी जिंकेल. कारण ती चमकते.

वाचकहो, संगणक-उद्योगाच्या परीक्षक-मंडळावर आपल्यापैकी फार थोडे बसतील. परंतु शाळेचे विज्ञान-प्रदर्शन, नाताळातील गोठ्यांची स्पर्धा, सणाच्या दिवशीच्या शर्यती, यांना परीक्षक आपल्याच गावचे असतात. तेथे गुण कशाला किती, हे आदल्या दिवशी दारावर लावावे. ज्याचे मूल स्पर्धेत असेल त्याने आपण होऊन खुर्ची सोडावी. अध्यक्षाने आपले मत सर्वांच्या शेवटी सांगावे, म्हणजे इतरांना मोकळेपणी बोलता येईल. आणि निकाल लावण्यापूर्वी एकदा मागच्या रांगेतही जाऊन यावे. पुठ्ठ्याचे आणि तारेचे काहीतरी घेऊन एखादी मुलगी तेथे मुकाट्याने उभी असते. तिला बोलावयास लावणे हेही परीक्षकाचेच काम आहे.