दहा सामने आणि एकशे ऐंशी दिवस

डिसेंबर २०१२ मध्ये मी टेक्सासमधल्या अर्व्हिंगला होतो. वय पंचवीस, पहिलंच ऑनसाइट. अपार्टमेंटमध्ये आजूबाजूला सगळे हैदराबादचेच, त्यामुळे परदेशात आल्यासारखं वाटायचं ते फक्त ऑफिसात आणि हायवेवर. शनिवारी, ८ तारखेला, सकाळी चहा करताना रूममेटने टीव्ही लावला आणि आमचाच रस्ता पडद्यावर दिसला. स्टेट हायवे ११४. मी रोज त्यावरून ऑफिसला जायचो.

पहाटे दोनच्या सुमारास तिथे एक मर्सिडीज उलटून पेटली होती. गाडी चालवत होता जॉश ब्रेंट, डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू, वय २४. शेजारी त्याचाच संघसहकारी जेरी ब्राउन, वय २५. दोघे कॉलेजपासूनचे मित्र, एकाच घरात राहणारे. पोलीस पोहोचले तेव्हा ब्रेंट जेरीला जळत्या गाडीतून ओढून बाहेर काढत होता. जेरी वाचला नाही. ब्रेंटच्या रक्तात अल्कोहोल ०.१८ टक्के निघालं, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १८० मिलिग्रॅम. टेक्सासची मर्यादा ८०, आपल्याकडची ३०.

दुसऱ्या दिवशी काउबॉइजचा सिनसिनाटीला सामना होता. तो झालाच. शेवटच्या क्षणी एका गुणाने जिंकलेसुद्धा, आणि बेंचवर जेरीची जर्सी ठेवलेली होती. सोमवारी ऑफिसात सगळे हळहळले, आणि लंचनंतर प्रत्येक जण आपापल्या कामाला लागला. मीही.

पण दोघेही माझ्या वयाचे होते, म्हणून असेल कदाचित, तो खटला मी भारतात परतल्यावरही लॅपटॉपवर वाचत राहिलो. जानेवारी २०१४ मध्ये ज्यूरीने ब्रेंटला दोषी ठरवलं. नशेत गाडी चालवून मृत्यूला कारण झाल्याबद्दल टेक्सासमध्ये वीस वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याला झाले १८० दिवस, दहा वर्षांचं प्रोबेशन आणि दहा हजार डॉलर दंड. सरकारी पक्षाने सांगितलं होतं की एवढ्या धिप्पाड माणसाच्या रक्तात १८० आकडा यायला सतरा-एक पेग लागतात. हेही पुढे आलं की २००९ साली, कॉलेजात असताना, तो याच गुन्ह्यासाठी एकदा पकडला गेला होता आणि तुरुंगात जाऊन आला होता. तरी १८० दिवस. सुटून आल्यावर लीगने, म्हणजे एनएफएलने, त्याला दहा सामन्यांची बंदी घातली आणि २०१४ च्या त्याच मोसमात तो परत काउबॉइजसाठी मैदानात उतरला.

मी तेव्हा चिडून म्हणालो होतो, खेळाडू आहे म्हणून सुटला. आपण सगळे हेच म्हणतो. आणि म्हणायला पुरावाही भरपूर आहे.

१९९८ मध्ये सेंट लुइस रॅम्सच्या लेनर्ड लिटलने स्वतःच्या वाढदिवसाच्या रात्री लाल सिग्नल तोडला आणि दुसऱ्या गाडीतली एक बाई गेली. अल्कोहोल ०.१९. शिक्षा नव्वद दिवस, प्रोबेशन आणि एक हजार तास समाजसेवा. लीगची बंदी आठ सामने. सव्वा वर्षाने, जानेवारी २००० मध्ये, तो सुपर बोल जिंकणाऱ्या संघात होता. २००४ मध्ये त्याला नशेत गाडी चालवल्याच्या आरोपावरून पुन्हा अटक झाली. त्या वेळी कोर्टाने त्या आरोपातून त्याला मोकळं केलं, फक्त वेगमर्यादा मोडल्याबद्दल दोषी धरलं.

मार्च २००९ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सचा डाँटे स्टॉलवर्थ. आदल्या दिवशी त्याला पंचेचाळीस लाख डॉलरचा बोनस मिळाला होता. मायामीत रात्रभर पिऊन तो सकाळी निघाला आणि कामाची पाळी संपवून बस पकडायला रस्ता ओलांडणाऱ्या एका कामगाराला त्याची बेंटली लागली. अल्कोहोल ०.१२६. फ्लोरिडात या गुन्ह्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद आहे. त्याला तीस दिवस झाले, त्यातले चोवीस त्याने भोगले. पुढे दोन वर्षं नजरकैद, आठ वर्षं प्रोबेशन आणि गाडीचा परवाना कायमचा गेला. कारणंही दिली गेली. तो घटनास्थळी थांबला, त्याने स्वतः फोन केला, गुन्हा लपवला नाही. कामगार क्रॉसिंगवरून जात नव्हता, त्यामुळे मृत्यू नशेमुळेच झाला हे सिद्ध करणं अवघड होतं. आणि कुटुंबाशी पैशांची तडजोड झाली होती, त्यांनाच खटला लांबवायचा नव्हता. एकेक कारण घेतलं तर खोटं नाही. पण ज्याच्याकडे पंचेचाळीस लाख डॉलर नसतात त्याच्या बाबतीत ही सगळी कारणं अशी एकत्र जमून येतात का? मला नाही वाटत. त्याच वर्षी न्यूयॉर्कचा प्लॅक्सिको बरेस दोन वर्षांसाठी तुरुंगात गेला, नाइटक्लबात बिनपरवाना पिस्तूल नेल्याबद्दल. त्या पिस्तुलाची गोळी त्याच्या स्वतःच्याच मांडीत लागली होती.

त्याच २००९ च्या एप्रिलमधली एक घटना मात्र उलट्या बाजूची आहे. लॉस एंजेलिस एंजल्सचा बावीस वर्षांचा पिचर निक एडनहार्ट सहा डाव एकही धाव न देता खेळला, आणि काही तासांनी मित्रांबरोबर जाताना सिग्नल तोडून आलेल्या गाडीने त्याचा जीव घेतला. त्याच्याबरोबर आणखी दोघे गेले. धडक देणारा प्यायलेला होता आणि या गुन्ह्यात पूर्वी दोषी ठरलेला. तो प्रसिद्ध नव्हता, श्रीमंत नव्हता. त्याला ५१ वर्षं ते जन्मठेप झाली.

चोवीस दिवस आणि ५१ वर्षं. हे आकडे शेजारी ठेवले की डोकं तापतं. पण तुलना पूर्ण न्याय्य नाही, हेही सांगायला हवं. तीन जीव गेले होते आणि कायदा कॅलिफोर्नियाचा होता. तिथे पहिल्यांदा पकडलेल्या माणसाला कोर्ट लेखी समज देतं की पुन्हा असं केलंस आणि कुणी मेलं तर तुझ्यावर खुनाचा खटला होऊ शकतो. त्यामुळे दुसऱ्या वेळी ‘मला कल्पना नव्हती’ म्हणता येत नाही. आमच्या भाषेत, सिस्टमने वॉर्निंग दिली होती आणि ती लॉगमध्ये आहे. मला ही पद्धत आवडते.

हळूहळू शिक्षा वाढल्या आहेत, असंही दिसतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये लास वेगास रेडर्सचा हेन्री रग्ज, वय २२, ताशी २५१ किलोमीटर वेगाने गेला. धडकेच्या क्षणी वेग २०४ होता. बीई झालेल्या माणसाला गणित केल्याशिवाय राहवत नाही: ८० च्या वेगापेक्षा २०४ च्या धडकेत ऊर्जा साडेसहा पट. पुढच्या गाडीतली तेवीस वर्षांची मुलगी आणि तिचा कुत्रा जळून गेले. संघाने त्याच दिवशी त्याला काढून टाकलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला तीन ते दहा वर्षांची कैद झाली. इंग्लंडमध्ये, जिथे कुणी मेलं नव्हतं अशा प्रकरणांत, वेन रूनीला २०१७ मध्ये दोन वर्षं परवानाबंदी आणि शंभर तास समाजसेवा मिळाली. फ्रान्सला विश्वचषक जिंकून देणाऱ्या ह्यूगो लॉरिसला पुढच्या वर्षी वीस महिने परवानाबंदी आणि ५० हजार पौंड दंड झाला. तिथे दंड ठरवताना कमाई बघतात. दंड आकडा म्हणून न बघता पगाराचा हिस्सा म्हणून बघणं मला पटतं. नाहीतर श्रीमंताला तो पार्किंगच्या पावतीसारखाच.

पण खरा राग मला कोर्टांपेक्षा लीगचा येतो. एनएफएलमध्ये २०१४ पर्यंत नशेत गाडी चालवताना पहिल्यांदा पकडलेल्या खेळाडूला साधारणपणे नुसता दंड व्हायचा. मग दोन सामन्यांची बंदी आली, आता तीन. स्टेरॉइड घेतलं तर सहा सामने. आणि सट्टा? केल्विन रिडलीने २०२१ मध्ये एनएफएलच्या सामन्यांवर पैसे लावले, त्याच्याच सांगण्यानुसार एकूण पंधराशे डॉलर. २०२२ चा संपूर्ण मोसम, सतरा सामने, तो बाहेर होता. सट्ट्याने खेळावरचा विश्वास उडतो, म्हणजे धंदा बुडतो. रस्त्यावर कुणी मेलं तर धंद्याला फारसं काही होत नाही. बेसबॉलमध्ये तर या गुन्ह्यासाठी ठरावीक सामन्यांची बंदी असा नियमच नाही. ज्याच्या हातात कोर्टाची वाट न बघता, पुराव्याच्या कीस न काढता, पुढच्याच रविवारी शिक्षा करायची ताकद आहे, तो ती सट्ट्यासाठी वापरतो. खेळाडूंना रात्री कधीही फोन करून गाडी बोलावता येते, अशी सोय त्यांच्या युनियनने कधीपासून केलेली आहे. एवढं असूनही जो स्वतः स्टिअरिंगवर बसतो, त्याला तीन सामने?

इथपर्यंत हा लेख मी दोन-तीन वर्षांपूर्वीच लिहू शकलो असतो. लिहिला नाही, कारण पुढचं सांगावं लागलं असतं.

२०१८ च्या एका शुक्रवारी टीमची पार्टी होती. रिलीज झाली होती. मी तीन बिअर प्यायलो, वरून बिर्याणी खाल्ली, एक तास थांबलो आणि मला अगदी ठीक वाटत होतं. कॅब बोलावायचा विचार आला होता. दुसऱ्या दिवशी गाडी आणायला परत एवढ्या लांब कोण येणार, म्हणून सोडून दिला. ज्युबिली हिल्सच्या उतारावर पोलिसांनी थांबवलं. मशीनवर आकडा आला ५८. टेक्सासमध्ये पोलिसांनी बहुधा ‘ड्राइव्ह सेफ’ म्हणून सोडलं असतं. इथे गाडी तिथेच जप्त झाली, हातात चलन आलं आणि मी ऑटोने काचिगुड्याला घरी आलो.

हैदराबादची पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी गोशामहलच्या ट्रॅफिक ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये काउन्सेलिंग, आणि तिथे घरचं माणूस बरोबर आणावं लागतं. नंतर कोर्ट. दंडाबरोबर एक-दोन दिवसांपासून पुढे कैदही होते. आकडा जेवढा मोठा, तेवढे दिवस वाढतात. मला कोर्ट उठेपर्यंत बसण्याची शिक्षा आणि दोन हजार रुपये दंड झाला. दोन हजार म्हणजे त्या पार्टीतल्या माझ्या वाट्याच्या बिलापेक्षा कमी.

पण घरचं माणूस. बायको माहेरी होती, मुलगी तेव्हा पाच महिन्यांची. मी बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं आणि माझ्या मागे स्कूटरवर बसले. हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. पडद्यावर अपघातांचे व्हिडिओ दाखवत होते, त्यात एक बाई आपल्या मुलाबद्दल बोलत होती. मी खाली बघत होतो. बाबा मात्र शेवटपर्यंत पडद्याकडे बघत राहिले. फॉर्म भरून घेणाऱ्या हवालदाराने त्यांना विचारलं, “आपका बेटा है क्या?” बाबा म्हणाले, “जी हाँ.” चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, त्याने आयुष्यात पोलिसांच्या कागदावर पहिल्यांदा सही केली ती माझ्यासाठी.

त्या दोन हजारांनी माझं काहीही बिघडलं नाही. त्या सहीने बिघडलं. शिवाय पकडलं जाण्याची भीती आता खरी आहे: दर वीकेंडला कुठे ना कुठे बॅरिकेड असतंच. गुन्हेशास्त्राचे अभ्यासक हेच सांगतात, की शिक्षा किती मोठी यापेक्षा पकडलं जाण्याची खात्री किती, याचा धाक जास्त असतो. मला हे पटायला अभ्यास वाचावा लागला नाही. ब्रेंट २००९ मध्ये सुटला तेव्हा त्याच्या गाडीत फुंकर मारल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं यंत्र कायमचं बसवलं असतं, तर २०१२ ची ती पहाट टळली असती का, हा प्रश्न मला १८० दिवस पुरेसे होते का यापेक्षा मोठा वाटतो. ते यंत्र काही रॉकेट सायन्स नाही. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत त्याबद्दल कायदे आहेत.

म्हणून मी शिक्षा सौम्य असू द्या असं म्हणतोय असं समजू नका. २०२४ मध्ये पुण्यात पोर्शेखाली दोन तरुण आयटी इंजिनिअर गेले आणि अल्पवयीन चालकाला जामिनाच्या अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यात कडक मेसेज माझा होता. तो टाइप करताना ५८ हा आकडा मला आठवला होता. तरीही मी पाठवला.

जेरी ब्राउनच्या आईबद्दल सांगायचं राहिलं. शोकसभेला ती ब्रेंटला शेजारी घेऊन बसली. खटल्यात तिने त्याला तुरुंगात पाठवू नका म्हणून साक्ष दिली, आणि ज्यूरीने प्रोबेशन दिलं त्यात तिचा वाटा मोठा असावा. याच बाईने पुढे त्या रात्री दोघांना दारू देणाऱ्या नाइटक्लबवर दिवाणी दावा लावला आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये ज्यूरीने अडीच कोटी डॉलरची भरपाई ठरवली. मुलाच्या मित्राला माफी, आणि ग्लास भरत राहणाऱ्याला नाही. टेक्सासचा कायदा तशी सोय देतो: उघडउघड झिंगलेल्याला दारू दिली तर विकणाराही जबाबदार. आमच्या पार्टीत तिसरी बिअर माझ्यासमोर ठेवणाऱ्याने मला गाडीबद्दल काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, ते मला माहीत आहे.

गोशामहलहून परत येताना बाबांनी एकच विचारलं, “सूनबाईला सांगितलंस का?” नव्हतं सांगितलं. त्यांनी स्कूटर सुलतान बाजारच्या कोपऱ्यावर थांबवायला लावली, स्वतः खाली उतरून भाजीच्या गाडीपाशी गेले आणि म्हणाले, “मी मेथी घेतो. तू तोवर फोन कर.”