पहिली मोटार : स्वस्त कोणती आणि परवडणारी कोणती?

नव्या नोकरीचे पहिले काही पगार हाती आले, की घरात मोटारीचा विषय निघतो. नवी गाडी आवाक्याबाहेर असते, म्हणून जुनी पाहण्याचे ठरते. मग वर्तमानपत्रातील छोट्या जाहिराती, मोबाइलवरील छायाचित्रे आणि ओळखीच्या दलालांचे दूरध्वनी यांतून एखादी चकचकीत गाडी समोर येते. किंमत बजेटमध्ये बसते आणि व्यवहार होतो. गाडी स्वस्त मिळाली की नाही, हे मात्र पुढच्या दोन वर्षांत कळते.

हा प्रश्न सालेकसासारख्या गावाच्या संदर्भात पाहिला, तर अधिक स्पष्ट होतो. गोंदिया जिल्ह्यातील हा तालुका महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेला लागून आहे. हावडा-मुंबई लोहमार्गावर गोंदिया आणि डोंगरगड यांच्या दरम्यान त्याचे स्थानक आहे. हाजरा धबधबा आणि कचारगडच्या गुहा यांमुळे पर्यटकांना तो ठाऊक असतो. पहिल्या नेमणुकीवर येथे येणाऱ्या तरुण शिक्षिकेला, बँक कर्मचाऱ्याला किंवा आरोग्यसेवकाला मात्र वेगळे सालेकसा दिसते. जिल्ह्याचे ठिकाण चाळीसेक किलोमीटरवर, पावसाळा जोरदार, रस्त्यालगत जंगल आणि धानाच्या हंगामात अंधारातून अचानक समोर येणारी, मागे दिवा नसलेली ट्रॉली. गाडी येथे हौसेपेक्षा गरजेची अधिक ठरते. आणि चालक नवशिका असेल, तर निवडीतील चूक केवळ पैशांची राहत नाही.

म्हणून तरुण चालकासाठी जुनी गाडी घेताना प्रश्नांचा क्रम बदलावा. गाडी कोणत्या वर्षी बनली, हा पहिला प्रश्न. ती कोणाच्या नावावर आणि कोणत्या राज्यात नोंदलेली आहे, हा दुसरा. तिची दुरुस्ती कुठे होणार, हा तिसरा. किंमत त्यानंतर विचारावी.

वर्ष आधी, मॉडेल नंतर

भारतातील मोटारींच्या सुरक्षिततेचे नियम गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने कडक झाले. त्यामुळे एकाच नावाच्या दोन गाड्यांत, त्या दिसायला सारख्या असल्या, तरी मोठे अंतर पडते. अचानक ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण करून देणारा इशारा, वेगमर्यादेचा इशारा आणि मागे घेताना उपयोगी पडणारे सेन्सर आवश्यक ठरले. पुढील सीटवर चालकाशेजारी बसणाऱ्यासाठीची एअरबॅग जुन्या मॉडेलांच्या नव्या गाड्यांनाही जानेवारी २०२२ पासून लागू झाली.

याआधीच्या स्वस्त आवृत्त्यांमध्ये यांपैकी बऱ्याच गोष्टी नसत. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतातील पाच लहान मोटारींच्या मूळ, एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांची धडक-चाचणी घेतली. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. पोलोची एअरबॅग असलेली आवृत्ती त्याच सुमारास चार ताऱ्यांपर्यंत पोहोचली. नाव तेच, पण निकालात जमीन-अस्मानाचा फरक. पुढे २०२० मध्ये टाटा टियागोला चार तारे मिळाले; २०२३ मध्ये अल्टो के-टेनला दोन आणि वॅगन-आरला एक.

याचा अर्थ अल्टो किंवा वॅगन-आर घेऊच नये, असा नाही. पैसे मर्यादित असतील, तर २०१५ च्या मोठ्या, दिमाखदार गाडीपेक्षा जुलै २०१९ नंतरची लहान गाडी नवशिक्या चालकासाठी अधिक योग्य, असा आहे. वर्ष पाहताना नोंदणीच्या तारखेवर विसंबू नये. उत्पादनाचा महिना नोंदणी प्रमाणपत्रावर असतो, तो वाचावा.

एअरबॅग आहे एवढे ऐकूनही थांबू नये. किल्ली फिरवल्यावर समोरच्या फलकावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर यंत्रणा बिघडलेली असू शकते, अथवा अपघातात उघडलेली एअरबॅग पुन्हा न बसवता वरचे झाकण तेवढे लावलेले असू शकते. आणि सीटबेल्ट न लावता एअरबॅगवर भिस्त ठेवणे धोक्याचेच.

सीमेपलीकडची स्वस्ताई

सालेकसात दुसऱ्या राज्याच्या क्रमांकाची गाडी ही नवलाई नाही. राजनांदगाव, दुर्ग, बालाघाट ही नावे येथे परकी वाटत नाहीत. तिकडची गाडी थोडी स्वस्त मिळत असेल, तर मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र क्रमांकावरील ‘सीजी’ किंवा ‘एमपी’ ही अक्षरे ‘एमएच-३५’ होईपर्यंतचा खर्च त्या किमतीत मोजलेला नसतो.

दुसऱ्या राज्यात नोंदलेले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायचे, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ‘ना हरकत प्रमाणपत्र’ लागते; त्याचा अर्ज नमुना २८ मध्ये करायचा. महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार नव्याने भरावा लागतो. आधीच्या राज्यात भरलेल्या करापैकी उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी तिकडच्या कार्यालयात स्वतंत्र अर्ज करावा लागतो. हा सारा हिशेब सौद्याच्या आधी गोंदियाच्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावा. अनेकदा वरवर स्वस्त दिसणारी परराज्यातील गाडी आणि थोडी महाग वाटणारी गोंदियाची गाडी यांचा खर्च शेवटी सारखाच निघतो. पहिल्या गाडीपायी होणारी धावपळ तेवढी जास्तीची.

काकांची गाडी आणि काकांची जबाबदारी

पुण्या-नागपुरातील वाचकांचा या विषयाशी दुसऱ्या बाजूने संबंध येतो. शहरात नवी गाडी आली, की जुनी गाडी गावाकडच्या पुतण्याला किंवा भाचीला दिली जाते. घरातलाच व्यवहार म्हणून नावावर करणे राहून जाते. काही जण दलालाला गाडी देताना कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून मोकळे होतात. कायदा मात्र ज्याच्या नावावर नोंद, त्यालाच मालक मानतो.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेला निकाल या बाबतीत डोळे उघडणारा आहे. त्या प्रकरणातील मोटार एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती. नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला, गाडीचा विमा नव्हता. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावरच टाकली. गाडी विकून जवळपास दोन वर्षे लोटली होती, हा मुद्दा त्याच्या उपयोगी पडला नाही.

म्हणून गाडी द्या, पण नमुना २९ आणि ३० पूर्ण भरून. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते, तर घेणाऱ्याने तीस दिवसांत. कर्जावर घेतलेल्या गाडीचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि बँकेचे पत्र लागते. व्यावसायिक विक्रेत्याकडून गाडी घेताना त्याच्याकडे परिवहन विभागाचे अधिकारपत्र आहे का, ते पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून तशी तरतूद अमलात आली आहे.

विम्याचेही असेच. इतरांना झालेल्या इजेचा, म्हणजे ‘थर्ड पार्टी’ विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. परंतु चौदा दिवसांत विमापत्र आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायला हवा. तो केला नाही, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’, मूळ मालकाकडेच राहते. त्यामुळे विक्रेत्याने दाखवलेला विम्याचा हप्ता पुढल्या वर्षी तेवढाच राहील, असे गृहीत धरू नये.

आणखी एक इशारा. मोटारीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. २०१९ मध्ये कायद्यात आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘गावातल्या गावात तर चालवतो’ हे उत्तर येथे चालत नाही.

दुरुस्ती कुठे होणार?

शहरात गाडी बंद पडली, तर तासाभरात मदत येते. सालेकसात मेकॅनिकच्या हाताला सवयीची असलेली गाडी हीच खरी सोयीची गाडी. अल्टो, वॅगन-आर, सँट्रो, आय-टेन, टियागो यांसारख्या मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या गाड्यांचे सुटे भाग शोधावे लागत नाहीत. याउलट शेवरलेने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले आणि डॅटसन २०२२ मध्ये गेली. या गाड्या कमी किमतीत मिळतात, त्याचे एक कारण हेच. एखादा किरकोळ भाग नागपूरहून येईपर्यंत आठवडाभर गाडी उभी राहिली, तर वाचलेले पैसे कुठे गेले?

रोजचे अंतर फार नसेल, तर पेट्रोलची गाडी बरी. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांमधील काजळी अडवणारी जाळी रोजच्या लहान फेऱ्यांत तुंबू शकते. सीएनजीचे किट नंतर बसवलेले असेल, तर त्याची नोंद प्रमाणपत्रावर आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे का, हे पाहावे.

गाडी पाहताना

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपवते. सुरू केल्यावर सतत निळसर धूर आला, तर इंजिन ऑइल जळत आहे. गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर राहिला, तर शीतकाचे पाणी आत शिरत असावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर सौदा तिथेच थांबवावा.

टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली, तरी रबर जुने झाले असेल, तर पावसाळ्यातल्या रस्त्यावर त्याचा भरवसा नाही. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत, हा मेळ बसत नाही. अशा वेळी सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात.

नागपूरहून गाडी आणणाऱ्यांनी पुराचीही शंका मनात ठेवावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या अतिवृष्टीत अंबाझरी तलाव ओसंडून शहराच्या काही भागांत अनेक मोटारी पाण्याखाली गेल्या होत्या. अशी गाडी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. गालिचा उचलून पाहावा, दमट वासाकडे दुर्लक्ष करू नये. आणि निर्णयाआधी आपल्या विश्वासाच्या मेकॅनिकला त्याची मजुरी देऊन गाडी दाखवावी; विक्रेत्याने सुचवलेल्या नव्हे.

किमतीचा हिशेब

समजा, खिशात अडीच लाख रुपये आहेत. म्हणजे गाडी अडीच लाखांची घ्यायची, असे नव्हे. नावांतर, विमा, टायर, बॅटरी आणि पहिली मोठी सर्व्हिस यांसाठी तीस-चाळीस हजार बाजूला ठेवून मग गाडीचा शोध घ्यावा. गाडीचे वय पंधराकडे झुकत असेल, तर नोंदणीचे नूतनीकरण, तंदुरुस्तीची तपासणी आणि पर्यावरण कर हा खर्चही समोर उभा असतो; अशी गाडी शिकाऊ चालकाला देऊच नये.

जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीशीही ताडून पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या, चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या पेट्रोल मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. नव्या लहान गाड्या उतरल्यावर दोन-तीन वर्षे वापरलेल्या गाडीचा जुनाच भाव सांगणारा विक्रेता भेटला, तर घासाघीस करायला संकोच नको.

मोटार विकत घेणे हा एका दिवसाचा व्यवहार असतो. ती चालवणे अनेक वर्षांचे. सालेकसाच्या रस्त्यावरून पावसाळी रात्री घरी परतणाऱ्या मुलाला किंवा मुलीला गाडीचा रंग, संगीतयंत्रणा आणि मिश्रधातूची चाके उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडतात ते ब्रेक, टायर, दिवे, आपल्या नावावरचा कागद आणि गावातला जाणता मेकॅनिक. यांची खात्री झाल्यावर जी गाडी खिशात बसेल, तीच परवडणारी.