स्थावर, जंगम आणि उतारवयाची मिळकत

संपत्तीचे ‘स्थावर’ आणि ‘जंगम’ असे दोन भेद आपल्या भाषेने पूर्वापार मानले आहेत. जमीन, वाडा हे स्थावर. सोने, रोकड हे जंगम. स्थावरावर माणूस विसंबतो, जंगमाने नड भागवतो. ‘रीट’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास हा या दोहोंचा संकर होय. उतारवयातील नियमित मिळकतीसाठी तो कितपत भरवशाचा, याचा येथे विचार करू. ज्यांना निवृत्तिवेतन नाही, हाती आलेल्या एकरकमी पुंजीवरच ज्यांना उर्वरित आयुष्य काढावयाचे आहे, त्यांच्यासाठी हा प्रश्न निव्वळ जिज्ञासेचा नाही.

न्यासाची रचना समजण्यास कठीण नाही. अनेकांच्या पैशातून मोठ्या कार्यालयीन इमारती वा व्यापारी संकुले घ्यावयाची आणि त्यांचे भाडे युनिटधारकांत वाटावयाचे. अमेरिकेत १९६० साली यासाठी कायदा झाला. आपल्याकडे ‘सेबी’ने २०१४ साली नियम केले आणि २०१९ साली एम्बसी ऑफिस पार्क्स हा पहिला न्यास शेअर बाजारात नोंदला गेला. न्यासाच्या मालमत्तेपैकी किमान ८० टक्के बांधून पूर्ण झालेली व भाडे देणारी असावी आणि वाटपयोग्य रोख उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग वाटला जावा, असे बंधन आहे.

या बंधनाचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे. येईल त्यातील नव्वद टक्के वाटण्याची सक्ती आहे. अमुक रुपये येतीलच, असे वचन नाही. बँकेची ठेव ठरलेले व्याज देते. न्यास मिळालेले भाडे देतो. भाडे किती चंचल असते, हे बडोद्यातील जुन्या वाडेमालकांना सांगावयास नको. १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि कित्येक घरमालकांच्या हाती डागडुजीपुरतेही पैसे उरले नाहीत. आजच्या कार्यालयांना तो जाच नाही, परंतु २०२० च्या महासाथीत ती ओस पडली आणि पुढे अनेक भाडेकरूंनी जागा सोडल्या. युनिटांचे भावही उतरले.

मग ठेवच बरी, असे कोणी म्हणेल. परंतु महागाई दरसाल ६ टक्के धरली, तर आजच्या २०,००० रुपयांची क्रयशक्ती बारा वर्षांत निम्मी होते. कार्यालयांच्या भाडेकरारांत साधारणतः दर तीन वर्षांनी सुमारे १५ टक्के वाढीचे कलम असते. ही वाढ वर्षाला पाच टक्क्यांहून किंचित कमीच भरते; म्हणजे ती महागाईला मागे टाकीत नाही, तिच्या मागोमाग चालते. ठेवीचे व्याज मात्र जागचे हलत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. न्यासाकडून येणाऱ्या रकमेत व्याज व लाभांश यांच्यासमवेत भांडवलाच्या परतफेडीचाही अंश असू शकतो. त्यांची करआकारणी वेगवेगळी असते आणि हाती आलेला प्रत्येक रुपया मिळकत नसतो. वाटपाचे विवरण वाचावे. न्यासावर कर्ज किती, जागा रिकाम्या किती आणि भाडे एकाच मोठ्या भाडेकरूवर अवलंबून आहे काय, हेही पाहावे.

तात्पर्य, धान्य, औषधे आणि घरखर्च यांची तरतूद प्रथम ठेवी व ज्येष्ठ नागरिक बचत योजना यांतून करावी. दहा वर्षे हात न लावता ठेवता येईल अशी जी शिल्लक उरेल, तिचा एक भाग एकाहून अधिक न्यासांत घालण्यास हरकत नाही. ऐन आजारपणात पडत्या भावाने युनिटे विकावी लागली, तर इतक्या वर्षांच्या भाड्याची कमाई एका दिवसात जाईल. घरात भाडेकरू ठेवणारा शहाणा माणूस रिकाम्या महिन्यांचीही बेगमी करून ठेवीत असे. न्यासाच्या युनिटधारकानेही तेच करावे.